कमी बिलाचा अर्थ काय? सांगलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागाने लिहिलेली आहे, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो. ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, पुरेशी हालचाल न केल्यामुळे होणाऱ्या आजारांवर देशोदेशी किती पैसा जातो, यावर तो होता. त्यावर सांगलीच्या या वाचकांनी, ज्यांची सगळी नोकरी सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली आहे, असं लिहिलं: "हे सगळे हवेतले आकडे आहेत. एकाच देशाचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आजारात व्यायाम न करण्याचा वाटा किती, हे कोणत्या व्हाउचरवर लिहिलेलं असतं? तुमच्याच लेखाप्रमाणे ऐंशी टक्के खर्च श्रीमंत देशांचा. मग हे दुखणं त्यांचं, आपल्या गळ्यात कशाला? आपला शेतकरी, आपल्या घरातली बाई दिवसभर राबते. शिवाय व्यायाम करणारा माणूस जास्त जगणार आणि म्हातारपणी जास्त खर्च करणार, मग बचत कुठली? आळस ज्याचा त्याचा, त्याला सरकारी प्रश्न बनवू नका."

आधी ऐंशी टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यांत मला तोच मुद्दा बोचला. आकडा बरोबर आहे. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १४२ देशांचा एक अभ्यास आला. जगातली ९३ टक्के लोकसंख्या या देशांत राहते. हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, स्तनाचा कर्करोग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग, एवढे पाचच आजार धरून त्यांनी २०१३ या एका वर्षाचा हिशेब मांडला. हालचालीच्या अभावापायी झालेला उपचारखर्च निघाला ५३.८ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर. (आंतरराष्ट्रीय डॉलर म्हणजे त्या त्या देशातली महागाई आणि स्वस्ताई जमेस धरून केलेलं माप. त्याला बँकेतल्या विनिमय दराने गुणून रुपये काढायचे नसतात. तुम्ही तसे काढले आहेत, म्हणून सांगितलं.) त्यातला ८०.८ टक्के श्रीमंत देशांचा. इथवर तुम्ही वाचलंत, पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा सोडून दिलात. अकाली मृत्यू आणि अपंगत्व यांमुळे निरोगी आयुष्याची १ कोटी ३४ लाख वर्षं वाया गेली, आणि त्यातली ७५ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती.

एखाद्या पतसंस्थेच्या दोन शाखांपैकी एकीत थकबाकीदार तिप्पट आणि वसुलीवरचा खर्च मात्र दुसरीच्या चौथा हिस्सा, असं दिसलं तर तुम्ही त्या शाखेची पाठ थोपटणार नाही. तिथे वसुलीच होत नाही, हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही. इथे नेमकं तेच आहे. आजार आपल्याकडे आहे, उपचार त्या प्रमाणात नाहीत, म्हणून बिल लहान दिसतं. २०२३ साली सार्वजनिक आरोग्यव्यवस्थांच्या खर्चाचा असाच अंदाज आला, तो आणखी आजार धरून केलेला होता. २०२० ते २०३० या काळात सुमारे ५० कोटी नवे रुग्ण आणि ५२० अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर खर्च. त्यातही ७४ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि ६३ टक्के खर्च श्रीमंत देशांत. पद्धत बदलली, आजारांची यादी लांबली, तरी चित्र तेच.

उपचार त्या प्रमाणात नाहीत म्हणजे काय, ते बघायचं असेल तर तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. चिठ्ठी पुढे येते. तिच्यावर साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, सगळं महिन्याचं लिहिलेलं. दुकानदार रक्कम सांगतो. मग काउंटरच्या अलीकडून आवाज येतो, "साखरेच्या दहा द्या. बीपीच्या पुढच्या बाजाराला नेतो." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि औषधाची मुदत छापलेला तुकडा स्वतःकडे ठेवून उरलेला कागदात गुंडाळून देतो. तिसऱ्या गोळीचं नावही कुणी काढत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी "पुढच्या खेपेला" होणार असते. या माणसाच्या आजाराचा खर्च काढायला बसलं तर हिशेबात फक्त दहा गोळ्या येतात. पुढे पायाची जखम चिघळते, महिनाभर ती हळद लावून बांधली जाते आणि जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत अंगठा वाचत नाही. त्यानंतर बंद पडलेली मजुरी, सोबतीला राहिलेल्या मुलाचे बुडलेले दिवस, सावकाराचं व्याज हे कुठल्याही देशाच्या आरोग्यखर्चात धरलं जात नाही. श्रीमंत देशात याच माणसाचा पाय दर वर्षी तपासला गेला असता, औषधं नियमित मिळाली असती, डोळ्यांचा पडदा बघितला गेला असता, आणि बिल कितीतरी मोठं झालं असतं. तुम्ही त्या लहान बिलाकडे बोट दाखवून म्हणता, की दुखणं आपलं नाही.

आता हे लहान बिल भरतं कोण? ५३.८ अब्जांपैकी ३१.२ अब्ज सरकारांनी भरले, १२.९ अब्ज विम्यासारख्या खासगी क्षेत्राने आणि ९.७ अब्ज कुटुंबांनी. म्हणजे जगभरात कुटुंबांच्या वाट्याला साधारण १८ टक्के. त्याच सुमारास, २०१३-१४ मध्ये, भारतात एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. हा आपल्या सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आकडा आहे. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण मधुमेह आणि रक्तदाब हे आजन्म, दर महिन्याचे आजार आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल झालेल्या रुग्णावर आहे, शस्त्रक्रियेवर आहे. रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर ठीक, नाहीतर त्या घरखर्चातूनच येतात. ब्रिटनमध्ये माणूस बसून राहिला तर बोजा मुख्यतः करदात्यांवर पडतो. आपल्याकडे तो मुलीच्या कॉलेजच्या फीवर पडतो. देशादेशांतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक हा आहे, आणि एकूण आकड्यांच्या तक्त्यात तो दिसत नाही.

आकडे जुळत नाहीत, हे तुमचं निरीक्षण चोख आहे. तुम्ही ब्रिटनचं उदाहरण दिलंत: एका ठिकाणी ०.९ अब्ज पौंड, दुसऱ्या ठिकाणी ७.४ अब्ज. पहिला आकडा फक्त तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने उपचारांवर केलेल्या खर्चाचा आहे. दुसऱ्यात तो पहिला आकडा आहेच, शिवाय समाजाला होणारं बाकीचं नुकसान आहे. कॅनडात १९९९ सालासाठी २.१ अब्ज कॅनेडियन डॉलर आणि २००९ सालासाठी ६.८ अब्ज असे अंदाज आहेत. दहा वर्षांत कॅनडाचे लोक तिप्पट बसून राहायला लागले असं नाही. पहिला अंदाज फक्त प्रत्यक्ष उपचारखर्चाचा, दुसऱ्यात २.४ अब्ज प्रत्यक्ष आणि ४.३ अब्ज अप्रत्यक्ष, म्हणजे बुडालेलं काम आणि अकाली मृत्यू. सारखं सारख्याशी लावलं तर २.१ आणि २.४, फार अंतर नाही.

याहून मोठी तफावत तुमच्या नजरेतून निसटली आहे, ती मीच दाखवतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाप्रमाणे एकट्या अमेरिकेत हा खर्च वर्षाला ११७ अब्ज डॉलर आहे, आणि जगाचा आकडा तर ५३.८ अब्ज! दोन्ही कसे खरे? जगाच्या हिशेबात पाचच आजार धरले आणि प्रत्येक आजाराच्या खर्चातला ठरावीक वाटा उचलला. अमेरिकेच्या हिशेबात हजारो लोकांच्या प्रत्यक्ष उपचारखर्चाच्या नोंदी घेतल्या, पुरेशी हालचाल करणारे आणि न करणारे असे गट केले आणि एकूण खर्चातला फरक काढला. त्यात पाठदुखी आली, गुडघे आले, नैराश्य आलं, सगळंच आलं. दोन निराळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरं आहेत. लेखापरीक्षणात ज्याला तुम्ही खातं बदलणं म्हणाल, तसला प्रकार यात नाही. प्रत्येक अभ्यासाने आपण काय धरलं आणि काय सोडलं हे लिहून ठेवलं आहे. जगाचा आकडा मुद्दाम हात राखून काढलेला आहे, हे त्याच्या लेखकांनीच म्हटलं आहे.

व्हाउचरवर काय लिहिलेलं असतं? काही नाही. हा वाटा तर्काने काढावा लागतो, आणि तो कसा काढतात हे समजून घेतलं तर तुमचा बराचसा संशय फिटेल. पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत एखादा आजार किती पटींनी जास्त होतो, हे वर्षानुवर्षं लोकांचा मागोवा घेऊन काढलेलं असतं. देशात असे लोक किती, हे पाहणीतून कळतं. दोन्हींवरून येतं, की सगळे पुरेसे हलते-फिरते असते तर यातले किती रुग्ण टळले असते. २०१२ साली जगासाठी निघालेले वाटे बघा: हृदयविकारात ६ टक्के, टाइप २ मधुमेहात ७ टक्के, स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रत्येकी १० टक्के. म्हणजे मधुमेहाच्या शंभर रुपयांच्या बिलातले सातच रुपये या खात्यावर टाकले जातात. उरलेले आहार, आनुवंशिकता, वय, वजन यांच्या वाट्याचे. सगळं खापर व्यायाम न करण्यावर फोडल्याचा जो आरोप तुम्ही करता, तो इथे लागू पडत नाही.

एक शंका मात्र खरी आहे, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत एका ओळीत आहे: "आजारी आहे म्हणून माणूस बसला असेल, बसला म्हणून आजारी पडला कशावरून?" अमेरिकेच्या अभ्यासात ही शंका तपासली आहे. एकूण आरोग्यखर्चातला ११.१ टक्के वाटा अपुऱ्या हालचालीचा निघाला होता. मग ज्यांना चालायलाच त्रास होतो असे सगळे लोक बाजूला काढून पुन्हा मोजलं. वाटा ८.७ टक्क्यांवर आला. म्हणजे शंकेत तथ्य होतं, आणि ती काढून टाकल्यावरही मोठा भाग शिल्लक राहिला.

या शंकेचं सगळ्यात सुंदर उत्तर मात्र फार जुनं आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार एवढा का वाढतोय, हे ते शोधत होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक घेतले. एकाच खात्याची नोकरी, समाजाचा साधारण एकच थर, एकच शहर. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. (मुंबईच्या वाचकांना बेस्टच्या दुमजली बसचा तो अरुंद जिना आठवेल.) १९५३ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं, की वाहकांना हृदयविकार कमी होतो, झाला तरी उशिरा होतो आणि कमी जीवघेणा असतो. लगेच कुणीतरी तुमच्यासारखंच विचारलं, की मुळात जाडी माणसंच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी काय करावं? त्यांनी खात्याने शिवून दिलेल्या गणवेशांच्या नोंदी मिळवल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या. १९५६ साली त्यांनी तेही छापलं, लपवलं नाही. पुढे त्यांनी बांध्याप्रमाणे गट पाडून तुलना केली. सडपातळ चालक आणि सडपातळ वाहक, स्थूल चालक आणि स्थूल वाहक. प्रत्येक गटात वाहकच सुरक्षित निघाला. कुठल्याशा शिंप्याच्या वहीपर्यंत जाऊन स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी करणारा हा माणूस तुम्हाला आवडावा. मॉरिस ९९ वर्षं जगले.

आता राबणाऱ्या शेतकऱ्याचं आणि घरातल्या बाईचं. तुमचा समज असा दिसतो, की या पाहण्यांत जिममध्ये जाणारा तेवढाच सक्रिय धरतात. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, येणं-जाणं आणि मोकळ्या वेळातला व्यायाम असं तिन्ही विचारतात, आणि कामात शेतीही येते, घरकामही येतं. ही तिन्ही धरून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, जी तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगडमध्ये झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झाली, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले. शहरांत ६५ टक्के. आणि खेड्यांत? ५० टक्के. खेडं म्हणजे कष्ट, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे, पण नांगरट ट्रॅक्टरने होते, मळ्यावर मोटारसायकलने जातात, पाण्याची मोटर फोनवरून चालू होते. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पाठ मोडणाऱ्या कष्टांतून सुटका झाली याचा मला आनंदच आहे. पण सुटलेल्या कष्टांच्या जागी दुसरी कुठलीही हालचाल आली नाही. मोकळ्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे त्या पाहणीत दहा टक्केही नव्हते.

बायकांचं दुखणं वेगळं आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. तुमच्या घरातली बाई दिवसभर राबते हे शंभर टक्के खरं आहे. ती थकते हेही खरं. पण ओट्याशी तासन् तास उभं राहून पाय सुजतात, त्याने श्वासाची गती वाढत नाही, हृदयाला जे काम हवं असतं ते मिळत नाही. तिच्या कष्टांचा मान राखायचा म्हणून तिच्या हृदयाची काळजी टाळायची, हा व्यवहार मला पटत नाही. तिला दिवसातली अर्धा तास मोकळीक आणि चालायला सुरक्षित रस्ता हवा, आणि दोन्ही तिच्या हातात नाहीत. गोव्यात तर प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. चौघांत एक. ही पाहणीही त्याच संशोधन परिषदेची, २०२३ साली आलेली. याला परदेशी दुखणं म्हणायचं का?

जास्त जगणारा जास्त खर्च करतो, हा तुमचा मुद्दा सगळ्यात टोकदार आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. नेदरलँड्समध्ये २००८ साली एक हिशेब मांडला गेला: विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा उपचारखर्च निरोगी माणसाचा सुमारे २ लाख ८१ हजार युरो, लठ्ठ माणसाचा अडीच लाख आणि सिगारेट ओढणाऱ्याचा २ लाख २० हजार. निरोगी माणूस महाग, कारण तो ८४ वर्षांपर्यंत जगतो; सिगारेटवाला ७७ ला जातो. तो हिशेब लठ्ठपणाचा आणि सिगारेटचा होता, पण हालचालीलाही तसाच लावता येईल हे मला मान्य आहे. म्हणून मी 'सरकारचे एवढे पैसे वाचतील' असं कुठेही लिहिलेलं नाही. वर्षाचा खर्च आणि आयुष्यभराची निव्वळ बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मला सांगा, सात वर्षांचं आयुष्य हे जमेच्या बाजूला धरायचं की नावे टाकायचं? आपण दवाखाने उभारतो ते माणसं जगावीत म्हणूनच ना? आणि आपल्याकडे तर पक्षाघात पुष्कळदा होतो तो कमावत्या वयात, मुलं शाळेत असताना. पेन्शन घेणाऱ्या डच म्हाताऱ्याचा हिशेब त्या घराला लावता येत नाही.

राहता राहिला आळस. बायकांच्या मुद्द्यात दिलेला २०२२ सालचा अंदाज ज्या अभ्यासातला आहे, त्याच अभ्यासाप्रमाणे २००० साली भारतात पुरेशी हालचाल न करणारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ४९. बावीस वर्षांत अख्ख्या देशाचा स्वभाव दुपटीने बिघडतो का? स्वभाव तोच आहे. रस्ते बदलले, कामं बदलली, शाळांची मैदानं गेली. पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या हायवेच्या कडेने, हातात कुत्र्यांसाठी काठी घेऊन, मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेत एका रांगेत चालणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना आळशी म्हणाल? पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, असं भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक सांगतं. तुमच्या घरापासून मंडईपर्यंत तेवढा पदपथ सलग कुठे मिळतो ते बघा. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तर तिथे माणसं चालायला लागली, बसायला लागली. सवय लावावी लागली नाही.

याला पैसा लागतो, आणि तो किती लागतो याचीही मोजणी झालेली आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ मोठे रस्ते वाहनांना बंद करतात. सुमारे १२० किलोमीटर रस्ते तेवढा वेळ सायकल, चालणं आणि धावणं यांच्यासाठी मोकळे होतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे त्याचा खर्च वापरणाऱ्या माणशी वर्षाला ६ डॉलर येतो, आणि एका डॉलरमागे उपचारखर्चात ३.२३ ते ४.२६ डॉलर वाचतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अशाच उपक्रमाचा खर्च माणशी ७० डॉलर निघाला. श्रीमंत देशाला जे महाग पडतं ते मध्यम उत्पन्नाच्या देशाला स्वस्त पडलं. रस्ते होतेच, फक्त त्यांची वेळ वाटून घ्यायची होती.

तुमच्याकडून मला एक हवं आहे. अर्थसंकल्प वाचता येणारी आणि त्याला वेळ देऊ शकणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, तुम्ही त्यांतले आहात. तुमच्या महापालिकेच्या गेल्या काही वर्षांच्या अंदाजपत्रकांतून पदपथ, मैदानं आणि बागा यांसाठी किती तरतूद झाली, त्यातली किती खर्च पडली आणि किती दुसऱ्या शीर्षाखाली वळवली, एवढं काढून द्या. आकडे काहीही निघोत, तुमच्या टिपणासकट इथे छापतो.